घरचं आरोग्य : ‘तुम्ही बसा आता!’ म्हणण्यापूर्वी

मैत्रिणींनो, आज आधी एक कबुली देते आणि मग मुद्द्याकडे वळते. माझ्या सासूबाईंना मी जवळजवळ अंथरुणाला खिळवलं होतं. छळ करून नव्हे हं! अगदी प्रेमाने, कौतुकाने. आणि गंमत अशी की, त्याबद्दल गल्लीतल्या चार बायकांकडून शाबासकीही मिळवली होती.

सासूबाईंना आमच्याकडे सगळे माई म्हणतात. वैजापूर तालुक्यातल्या खेड्यात त्यांचा उभा जन्म गेला. मामंजी गेल्यावर आम्ही त्यांना इथे, छत्रपती संभाजीनगरला, सिडकोतल्या घरी घेऊन आलो. तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या आणि हातपाय चांगले चालत होते. सकाळी उठून अंगण झाडायला निघाल्या की मी हातातला खराटा काढून घेई. आमच्या शहरात पाण्याची कथा तुम्ही ऐकून असाल. वर्षानुवर्षं चार-चार, आठ-आठ दिवसांनी नळ आलेले. पाण्याच्या दिवशी सगळं घर बादल्या घेऊन धावतं. माई बादलीला हात घालू लागल्या की मी ओरडे, “माई, तुम्ही बसा आता! जन्मभर कष्ट केलेत, आता आराम करा.” भाजी निवडायची तर टेबलावर, पाणी हवं तर हातात, ताट जागेवर. शेजारणी म्हणत, “सून असावी तर अशी!” मीही मनातून सुखावत असे. खोटं कशाला बोलू?

तीन वर्षं माई बसल्या.

गेल्या वर्षी संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी अर्धवेळ शाळेत शिकवते, दुपारी दीडला घरी येते. कुलूप काढून आत आले तर माई खोलीत नाहीत. हाका मारल्या. बाथरूममधून क्षीण आवाज आला. पाय धुवायला म्हणून त्या ठेंगण्या स्टुलावर बसल्या होत्या आणि तिथेच होत्या. बाराच्या सुमारास बसलेल्या! माझा जीव उडाला. “माई, पडलात का? कुठे लागलं?” तर म्हणाल्या, “पडले न्हाई माय. लागलं बी न्हाई. फकस्त उठूच येईना बघ.”

दीड तास! कुठे दुखापत नाही, काही मोडलेलं नाही. फक्त उठता येईना. मी काखेत हात घालून त्यांना उठवलं तेव्हा त्या माझ्याकडे बघेनात. त्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही.

ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, फोटो काढले, रक्त तपासलं. हाडं वयाच्या मानाने ठीक, गुडघे थोडे झिजलेले, साखर नाही. मग मांडी चाचपून बघत विचारलं, “दिवसभर काय करतात या?” मी अभिमानाने सांगितलं, “काही नाही! आम्ही काडीही उचलू देत नाही.” त्या शांतपणे म्हणाल्या, “तेच झालंय.”

हे होतं तरी काय?

वयाबरोबर केस पिकतात, दात पडतात, हे आपल्याला दिसतं. स्नायू झिजतात ते मात्र साडीखाली, पातळाखाली दिसत नाही. तिशीनंतरच ही गळती हळूहळू सुरू होते. साधारणपणे दर दहा वर्षांत तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजन तेवढंच राहतं, कधी वाढतंही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. त्यामुळे “आमच्या सासूबाई चांगल्या भरल्या अंगाच्या आहेत” म्हणून निश्चिंत राहू नये. या झिजेला ‘सार्कोपेनिया’ असं नाव १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने सुचवलं. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव. म्हातारपण म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातला मोठा भाग असा नाव असलेला आणि उपाय असलेला विकार आहे.

आता बसण्याचा परिणाम ऐका. २००७ मध्ये अमेरिकेत निरोगी वृद्ध माणसांना मुद्दाम दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं. फक्त दहा दिवस! तेवढ्यात पायांचे स्नायू सरासरी जवळजवळ एक किलोने घटले. आजारपणातून उठलेली म्हातारी माणसं “ताप गेला, पण पाय गेले” असं म्हणतात ना, ते अक्षरशः खरं आहे. माझ्या माई तर तीन वर्षं खुर्चीत होत्या.

पण आशेची बाजू त्याहून मोठी आहे. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धांच्या रुग्णालयात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी आठ आठवडे पुरे केले. त्यांच्या पायांचं बळ सरासरी पावणेतीनपट झालं आणि दोघांची काठी सुटली. नव्वदीत, बरं का! १९९४ मध्ये त्याच संशोधकांनी शंभर वृद्धांवर हाच प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्यांचं बळ दहा आठवड्यांत दुपटीच्या वर गेलं. ज्यांना नुसता पौष्टिक खुराक दिला, त्यांच्यात मात्र फरक पडला नाही. म्हणजे नुसते डबे आणून भागत नाही. स्नायूला काम पाहिजे, आणि थोडं जड काम पाहिजे.

“पण त्या रोज फिरायला जातात की!”

हे उत्तर मला बऱ्याच मैत्रिणींकडून मिळतं. आपल्याकडे पहाटे सिद्धार्थ उद्यानात, हिमायतबागेत किंवा गोगाबाबा टेकडीकडे किती ज्येष्ठ मंडळी दिसतात! चालणं चांगलंच; हृदयाला, साखरेला, मनालाही. पण सपाट रस्त्यावर रमतगमत चालल्याने मांडीत बळ येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढच्यांसाठी तीन गोष्टी सांगितल्या. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम. आपण पहिली धरतो आणि उरलेल्या दोन सोडून देतो.

आपल्या आज्या कुठे जिममध्ये जात होत्या, असंही कुणी म्हणेल. नव्हत्या जात. पण जातं ओढत होत्या, आडाचं पाणी शेंदत होत्या, पाटावर बसून जेवत होत्या आणि दिवसातून पन्नास वेळा जमिनीवरून उठत होत्या. मंगळागौरीची फुगडी म्हणजे तरी काय? पायांचं बळ, हाताची पकड आणि तोल, तिन्हींची एकदम परीक्षा! ते कष्ट परत आणा असं मी म्हणत नाही. त्या कष्टांनी किती जणी वाकल्या तेही आपण पाहिलंय. पण कष्ट गेले तेव्हा त्यांच्याबरोबर व्यायामही गेला, आणि त्याची भरपाई आपण केली नाही, एवढं खरं.

बुलढाणा जिल्ह्यातून बारामतीकडे आलेल्या लता करे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून २०१३ मध्ये, साठी उलटून गेल्यावर, नऊवारी नेसून अनवाणी त्या बारामतीच्या शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात काम त्यांनीच केलं. त्याच वर्षी पुण्याच्या रस्त्यावर पंच्याऐंशी वर्षांच्या शांताबाई पवार लाठीकाठी फिरवताना साऱ्या देशाने पाहिल्या. या दोघींनी हे हौसेने नाही केलं, गरजेने केलं. पण म्हातारं शरीर काय करू शकतं ते त्यांनी दाखवलं. तेवढी गरज पडू न देता तेवढं बळ घरातल्या माणसांना मिळावं, अशी आपली इच्छा असायला हवी.

घरच्या घरी ओळखायचं कसं?

२०१९ मध्ये आशियातल्या तज्ज्ञांनी आपल्या बांध्याच्या माणसांसाठी काही मापं ठरवून दिली. त्यातली तीन घरी करता येतात.

शिवणाची टेप घ्या आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. बायकांची पोटरी ३३ सेंटिमीटरहून आणि पुरुषांची ३४ हून कमी भरली तर सावध व्हावं. पायाला सूज असेल तर मात्र हे माप फसवतं.

हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला सांगा आणि मोबाइलमध्ये वेळ लावा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पायातलं बळ कमी आहे. ही कसोटी घेताना तुम्ही शेजारी उभ्या राहा.

वीस फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर, नेहमीच्या चालीने चालायला लावा. सहा सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंदावली आहे.

शिवाय रोजच्या खुणा आहेतच. बरणीचं झाकण उघडत नाही, खुर्चीच्या हातांवर जोर दिल्याशिवाय उठवत नाही, रिक्षात चढताना कुणाचा तरी हात लागतो, गेल्या वर्षात एक-दोनदा पडणं झालंय, विनाकारण वजन उतरलंय. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. माईंची पोटरी ३१ भरली होती. आणि पाच वेळा सोडाच, हात न लावता एकदाही उठता आलं नाही.

आता व्यायाम

सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या. छातीत दुखत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, चक्कर येत असेल, नुकतंच हाड मोडलं असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर विचारल्याशिवाय मुळीच नको. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, जड, भिंतीला टेकलेली असावी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची घसरते. फरशी कोरडी हवी. पायात घट्ट बसणारी चप्पल असावी, नाहीतर अनवाणी. पायमोजे घालून नको. साडी असेल तर पदर खोचून घोट्याच्या वर घ्यावी.

१) खुर्चीच्या उठाबशा. शाळेत आम्ही पोरांना शिक्षा म्हणून पूर्वी जे देत असू, ते म्हातारपणी औषध ठरलंय! खुर्चीत पुढे सरकून बसावं, पावलं थोडी मागे घ्यावीत, छाती पुढे झुकवावी आणि उठावं. बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश बसावं, धपकन नव्हे. हे सावकाश बसणंच खरं बळ देतं. उठताच येत नसेल तर खुर्चीवर गोधडीची घडी घालून बैठक उंच करावी. माईंची सुरुवात दोन घड्यांवर झाली. तीन आठवड्यांनी एक काढली, दोन महिन्यांनी दुसरी.

२) टाचा वर. ओट्याला हात धरून उभं राहावं, दोन्ही टाचा उचलाव्यात, क्षणभर थांबून हळू खाली आणाव्यात. भाताच्या कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हा सहज होतो.

३) भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे भिंतीला टेकवावेत, कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्यावी आणि परत ढकलावी. दंडाला आणि खांद्याला बळ येतं.

४) बसून पाय सरळ करणं. खुर्चीत बसून एक पाय गुडघ्यात सरळ करावा, पाच मोजावेत, खाली घ्यावा. सोपं वाटू लागलं की अर्धा किलो तांदळाची कापडी पिशवी घोट्यावर बांधावी.

५) बाटल्या उचलणं. पाण्याने भरलेली अर्धा लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो, लिटरची म्हणजे एक किलो. दोन्ही हातांत धरून कोपरातून वर-खाली करावी. डंबेल विकत आणायला नको.

६) टॉवेल पिळणं. ओला टॉवेल दोन्ही बाजूंनी करकचून पिळावा. मुठीतलं बळ वाढतं.

७) तोल. ओट्याला बोटं टेकवून एका पायावर दहा सेकंद उभं राहावं, मग दुसऱ्या. पुढे फरशीच्या रेषेवरून टाचेला बोटं लावत चालावं. तुम्ही जवळ असायलाच हवं.

प्रत्येक व्यायाम सुरुवातीला पाच-सहा वेळा करावा, पुढे आठ-दहा वेळा, आणि थोडं थांबून पुन्हा एक फेरी. बळाचे व्यायाम आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. स्नायू त्या विश्रांतीत भरून येतात. तोलाचा मात्र रोज केला तरी चालतो. श्वास रोखू नये. यासाठी मोठ्याने आकडे म्हणावेत किंवा नाव घ्यावं. आमच्याकडे ‘राम कृष्ण हरी’वर मोजणी चालते.

सर्वांत महत्त्वाचं सांगते. शेवटच्या दोन-तीन खेपा थोड्या जड गेल्याच पाहिजेत. सगळं सहज झालं तर समजावं की वजन वाढवायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नये. सांध्यात कळ आली, धाप लागली किंवा छातीत दाटलं तर मात्र लगेच थांबावं.

आणि एक रीत सगळ्यांनीच शिकून ठेवावी. जमिनीवरून उठायची. सरळ उठायला जाऊ नये. आधी कुशीवर वळावं, मग हातागुडघ्यांवर यावं, जवळच्या खुर्चीला किंवा पलंगाला हात टेकावा, एक पाऊल पुढे ठेवावं आणि मग उभं राहावं. पडल्यावर लागलं नसेल तर हीच रीत उपयोगी पडते.

“खुर्ची धरून केलेल्याला काय व्यायाम म्हणायचं?” असं आमच्या समोरचे काका हसले होते. त्यांना मी पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांची आठवण दिली. खुर्ची, भिंत, दोर, ठोकळे यांचा आधार घेऊन योगासनं शिकवणं ही त्यांचीच तर मोठी देणगी. २०१४ मध्ये पंच्याण्णव वर्षांचे होऊन ते गेले, आणि नव्वदीतही त्यांचा सराव चालू होता. आधार घेण्यात कमीपणा कसला?

ताटात काय?

विटा नसतील तर गवंडी काय करील? स्नायूची वीट म्हणजे प्रथिनं. ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, असं तज्ज्ञ आता सांगतात. माईंचं वजन पन्नास किलो, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. प्रत्यक्षात काय चाललं होतं? सकाळी चहा-टोस्ट, दुपारी अर्धी भाकरी नि पाणीदार वरण, रात्री दूधभात. आठवड्यातून दोन उपास, त्यात साबुदाणा, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. तिची सगळी बेरीज मी कागदावर मांडली तेव्हा लाजच वाटली.

मग बदल केले, पण आपलेच पदार्थ ठेवून. सकाळी पेलाभर दूध, त्यात साधारण सहा-सात ग्रॅम. दुपारी घट्ट वरण किंवा पिठलं, किंवा मऊ शिजवलेली मटकीची उसळ, आणि वाटीभर दही. चार वाजता मूठभर फुटाणे. दात नसतील तर त्याच फुटाण्यांचं पीठ करून दूध-गुळात कालवावं. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी आहेच. मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. रात्री मुगाच्या खिचडीत तांदळाबरोबरीने डाळ. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि दूध. चालत असेल त्यांनी अंडं घ्यावं, एकात सहा ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. कवळी टोचते म्हणून जेवण टाळणारीही पुष्कळ मंडळी असतात, तेही बघा. ‘ड’ जीवनसत्त्व आणि बी-१२ एकदा तपासून घेतलेलं चांगलं.

आणि लोक काय म्हणतील?

खरी अडचण इथे आली. दुसऱ्याच आठवड्यात नणंदबाईंचा फोन. “वहिनी, आईला उठाबशा काढायला लावतेस म्हणे?” आवाजातली धार मला कळली. शेजारणींचंही कुजबुजणं सुरू झालं. सासूला बसवून ठेवलं तेव्हा मी गुणाची होते, उठवायला लागले तर वाईट ठरले! हे स्वतः मध्ये पडतील असं वाटलं होतं, तर तेही म्हणाले, “राहू दे की, तिला आता काय करायचंय?” त्या रात्री मला रडू आलं. वाटलं, सोडून द्यावं.

माईंनीच तोड काढली. दुसऱ्या दिवशी साडेअकराला मालिका लागली. जाहिराती आल्याबरोबर त्या म्हणाल्या, “तू बी कर की माझ्यासंग.” खरंच की! मी पस्तिशी ओलांडलेली. गळती तर माझीही सुरू झालीच आहे. शाळेला सुटी असली की तेव्हापासून आम्ही दोघी जाहिरातींत उठाबशा काढतो. इतर दिवशी संध्याकाळी. नणंदबाई दिवाळीला आल्या तेव्हा माईंनी त्यांच्यासमोर हात बांधून पाच उठाबशा काढल्या. सोळा सेकंद लागले. नणंदबाई काही बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, “ते वहीत लिहून दे मला, माझ्या सासूबाईंसाठी.”

एक मात्र नीट लक्षात घ्या. व्यायामाच्या नावाखाली सगळी धुणीभांडी सासूच्या गळ्यात घालायची, असा याचा अर्थ नाही. व्यायाम मोजून असतो, हळूहळू वाढतो आणि थकल्यावर थांबतो. घरकाम असं थांबत नाही. पण जी कामं त्यांची स्वतःची आहेत ती काढूनही घेऊ नका. आपलं पाणी आपण उठून घ्यायचं, आपली पातळं आपण घडी करायची, देवपूजेचं तबक आपण उचलायचं. पाण्याच्या दिवशी माईंच्या वाट्याला आता दोन लहान कळशा असतात. चाळीस नाही, दोनच. पण त्या दोन भरून ठेवल्याशिवाय त्या चहा घेत नाहीत.

सगळं परत आलं असं नाही हं. पोटरी अजून ३२ च आहे. बळ आधी येतं, मांस मागाहून, असं डॉक्टरीणबाई सांगतात. बाथरूममध्ये आम्ही भिंतीला दांडी बसवून घेतली आणि ते ठेंगणं स्टूल काढून उंच ठेवलं. आता शेवटच्या कसोटीत पाच उठाबशांना चौदा सेकंद लागले, म्हणजे बाराच्या आत यायला अजून वेळ आहे.

पण यंदाच्या नाथषष्ठीला आम्ही पैठणला गेलो. त्या आधीच्या दोन षष्ठींना माई घरीच राहिल्या होत्या. “गुडघे दुखतात” म्हणायच्या. खरं कारण मला यंदा कळलं. कीर्तनाला सतरंजीवर बसलं आणि उठता आलं नाही तर चारचौघांत हसं होईल, ही भीती. यंदा त्या सतरंजीवर बसल्या. कीर्तन संपल्यावर मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला, कुशीवर वळल्या, हातागुडघ्यांवर आल्या, माझ्या नव्हे तर खांबाच्या आधाराने उभ्या राहिल्या. वेळ लागला. मागच्या बायका थांबल्या. पण उठल्या त्या आपल्या आपण.

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी एवढंच करा. घरातल्या मोठ्या माणसांजवळ खुर्ची ठेवा, हात बांधून उठायला सांगा आणि शेजारी उभ्या राहा. उठता आलं तर आनंद आहे, तो टिकवायचा. आलं नाही तर गोधडीची घडी घाला आणि उद्यापासून पाच-पाच उठाबशांना आरंभ करा, त्यांच्याबरोबर तुम्हीही. आणि “तुम्ही बसा आता” हे शब्द ओठांवर आले की क्षणभर थांबा. तुमचे अनुभव कळवा, मी वाट बघते.